पांढरीचा सातबारा

नेवासे म्हटले की आपल्यापुढे पहिल्यांदा उभा राहतो तो पैसाचा खांब. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरमहाराजांनी गीतेवरची आपली टीका प्रवरेकाठच्या या गावी पूर्ण केली आणि याच खांबाला टेकून ती सांगितली, असे आपली परंपरा मानते. त्याविषयी मी नव्याने काही सांगावे असे नाही. घरोघरच्या पारायणांनी ते काम केले आहे. मी आज बोलणार आहे तो त्याच गावच्या एका टेकाडाविषयी. लाडमोड हे त्याचे नाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी डॉ. शां. भा. देव, डॉ. अन्सारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात तिथे उत्खनन केले, आणि पुढे १९५९ ते १९६१ मध्ये पुन्हा केले. त्या उत्खननात पुष्कळ गोष्टी निघाल्या. त्यांत काही खापरे अशी होती की ती आपल्याकडच्या कोणत्याही कुंभाराच्या चाकावरची नव्हती. ती होती रोमच्या साम्राज्यातून आलेल्या दारूच्या माठांची!

नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, नेवासे कुठे आणि रोम कुठे! मध्ये सह्याद्रीचा कडा, त्यापलीकडे अफाट समुद्र, त्याच्याही पलीकडे मिसर देशाचे वाळवंट. तरीही तो माठ इथे आला, रिकामा झाला, फुटला आणि मातीत गेला. ही गोष्ट आपल्याला कळली कशी, आणि अशा गोष्टी यापुढे कळायच्या असतील तर तुम्ही-आम्ही काय केले पाहिजे, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या खेड्यांत दोन शब्द जुने आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळीत पीक येते, पांढरीत माणूस राहतो. पण वस्तीच्या मातीला पांढरी का म्हणायचे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. त्याचे उत्तर अगदी साधे आहे. माणूस जिथे राहतो तिथे चूल पेटते आणि चुलीची राख रोज बाहेर पडते. गोठ्यातले शेण, कुडाच्या भिंतींचा गिलावा, हाडे, फुटकी मडकी, सारे तिथेच साचते. पावसाळ्यात घर पडते. पडलेल्या भिंतीची माती कोणी दूर नेऊन टाकीत नाही, तीच सपाट करून तिच्यावर नवे घर उभे करतात. असे शे-दोनशे वर्षे चालले की जागा उंचावते आणि राखेमुळे मातीला पांढुरका रंग येतो. पुढे दुष्काळ पडतो, रोगराई येते, राज्य बदलते, वस्ती उठते. मागे उरते ते पांढरीचे टेकाड.

शेतकरी मंडळींना ओळखीचे उदाहरण द्यायचे तर, हे टेकाड म्हणजे त्या जागेचा सातबारा आहे. तलाठ्याकडून उतारा आणला म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे ते कळते, आणि फेरफाराच्या नोंदी पाहत मागे गेले म्हणजे ती कोणाकडून कोणाकडे आली तेही कळते. पांढरीतला एकेक थर म्हणजे असाच एकेक फेरफार. फरक इतकाच की इथे सर्वांत जुनी नोंद सर्वांत खाली असते आणि नवी नोंद तिच्यावर चढते. वाचायचे असेल तर वरून हळूहळू सोलत खाली जावे लागते. आपण मात्र सोयीसाठी तळापासून वर येऊ.

नेवाशाच्या तळाशी आहे प्रवरा आणि तिचे दगडगोटे. प्रवरा उगम पावते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात. तिथे घाटघर-रतनवाडीला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. तीच नदी भंडारदरा, रंधा, अकोले, संगमनेर करीत नेवाशाकडे येते तेव्हा पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर भागवणारा मुलूख लागतो, आणि पुढे टोके व प्रवरासंगम येथे ती गोदावरीला मिळते. एकाच जिल्ह्यात एवढा फरक! डोंगरात झोडपणारा पाऊस खडक फोडतो आणि नदी ते तुकडे घोळत घोळत कोरड्या मुलखात आणून टाकते.

हा खडक म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूभागावर जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर आला, एकावर एक थर देत पसरला आणि थिजला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. भाकरी भाजताना तिला फोड येतात तसे. पुढे लाखो वर्षे त्या पोकळ्यांत पाणी झिरपले. पाण्यात विरघळलेले द्रव्य हळूहळू आत साचून घट्ट झाले. त्याच आपल्या गारगोट्या आणि अकीकाचे खडे. भोवतालचा काळा दगड झिजून त्याची काळी माती झाली, पण हे खडे कठीण. ते झिजले नाहीत. ते सुटे झाले आणि नदीच्या वाळूत आले. मुले खिशात घालून शाळेत आणतात ते हेच.

शिक्षक मित्रहो, मुलांच्या खिशातला तो खडा फेकून देऊ नका, कारण नेवाशाचा सगळा इतिहास त्या खड्याला धरून सांगता येतो.

पहिली नोंद अश्मयुगातल्या माणसाची. नदीच्या काठी उघड्या पडलेल्या जुन्या, घट्ट झालेल्या दगडगोट्यांच्या थरात काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडी सापडतात. त्यांचे वय लाखो वर्षांचे. गुद्रून कॉर्विनस या जर्मन विदुषीने १९६६ ते १९६९ या काळात नेवाशाजवळच्या चिरकीच्या नाल्यावर उत्खनन करून अशा हत्यारांची जागाच उघडी केली. त्याच्या वरच्या थरात हत्यारे बदलतात. ती लहान आणि सुबक होतात, आणि दगडही बदलतो. आता काळा पाषाण नव्हे, तर गारा आणि अकीक. मऊ कातडे खरवडायला, काठीला टोक काढायला धारदार छिलका हवा, आणि धार उत्तम येते ती गारेला, हे त्या माणसाने हेरले होते. डॉ. सांकलियांनी हा फरक नेवाशाला प्रथम स्पष्ट दाखवला. म्हणून त्या काळच्या हत्यारांना भारतभरचे अभ्यासक पुष्कळ दिवस नेवाशाच्याच नावाने ओळखत असत. हे माणसाचे दिवस शिकारीचे होते. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या याच जुन्या थरांतून आजच्या बैलाहून थोराड अशा रानबैलांची आणि हत्तींची दगड झालेली हाडे मिळाली आहेत. ज्या नदीत आज उन्हाळ्यात गुडघाभर पाणी राहत नाही, तिच्या काठी एके काळी हत्ती हिंडत होते.

दुसरी मोठी नोंद पहिल्या शेतकऱ्यांची. संगमनेरच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी व काळ्या नक्षीची तांबडी भांडी मिळाली. हे भांडे चांगले भाजलेले असते. टिचकी मारली तर खणखणते. झारीसारखी तोटी असलेले भांडे तर या लोकांची खूणच आहे. पुढे अशीच भांडी महाराष्ट्रात तापीपासून भीमेपर्यंत सापडत गेली आणि त्या साऱ्या संस्कृतीला नाव मिळाले ते या लहानशा गावाचे. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात भारताचा प्राचीन इतिहास शिकवताना जोर्वे हा शब्द उच्चारावा लागतो.

सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक नेवाशालाही होते. तांबे महाग, म्हणून रोजच्या कापण्या-सोलण्याला ते गारगोटीची बारीक पाती वापरीत. म्हणजे खडा तोच, काम नवे. मूल दगावले तर त्याला दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. लेकरू घराबाहेर जाऊ नये, ही आईची माया त्यात दिसते, असे मला वाटते. नेवाशाच्या अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबे गंजले आणि त्या गंजाने आतला दोरा कुजू दिला नाही. तो दोरा तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम आढळले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे सूत आणि रेशीम, एका लहान मुलाच्या गळ्यात!

हे लोक पुढे गेले कुठे? इ. स. पू. १००० च्या सुमारास आणि नंतरच्या काही शतकांत या खोऱ्यांतल्या वस्त्या एकामागून एक ओस पडल्या. पाऊसमान घटत गेले असावे, असे डॉ. म. के. ढवळीकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या दीर्घ उत्खननावरून मांडले. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे, किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. नेवाशाच्या टेकाडात या थरावर मग कित्येक शतके कोणाची नोंदच नाही.

आणि मग येते तिसरी नोंद, सातवाहनांची. इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात नेवाशाला पुन्हा वस्ती झाली, आणि इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत ती भरभराटीला आली. त्याचे कारण नकाशावर पाहिले की लगेच कळते. गोदावरीच्या प्रवाहाने खाली गेले की सातवाहनांची राजधानी पैठण. वर गेले की नाशिक. पश्चिमेला जुन्नर आणि तिथून नाणेघाट उतरला की कोकण आणि कल्याणचे बंदर. राजधानीचा माल आणि बंदराचा माल ज्या मुलखातून जायचा, त्या मुलखात आपले नेवासे.

त्याच काळात, म्हणजे इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्याला, मिसरमधल्या कोणा एका ग्रीक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक माहितीवजा पुस्तिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. कोणत्या बंदरात काय विकावे, काय घ्यावे, वारा कधी सुटतो, एवढेच त्याला सांगायचे आहे. तो म्हणतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. पैठणहून अकीकासारखे खडे पुष्कळ येतात, तगरहून कापड येते, आणि हा सारा माल गाड्यांवर लादून नीट वाटा नसलेल्या मुलखातून भडोचला नेतात. श्रोतेहो, त्या गाड्यांना बैल कोणाचे असतील? त्या दमलेल्या बैलांना पाणी कोणत्या नद्यांवर पाजले असेल? ती पुस्तिका हे सांगत नाही. पण गोदा-प्रवरेच्या काठच्या माणसाला ते सांगायची गरजही नाही.

आता त्या खड्याकडे पुन्हा या. नदीतला मळकट पिवळसर अकीक मडक्यात घालून मंद आचेवर तापवला म्हणजे त्यातल्या लोहामुळे तो लाल होतो. खंबायतचे कारागीर आजही हे काम करतात. मग त्याचा मणी घडवायचा, घासायचा, भोक पाडायचे. अश्मयुगातल्या माणसाने ज्या दगडाने कातडे खरवडले, जोर्वेच्या शेतकऱ्याने ज्याची पाती केली, तोच दगड आता मणी होऊन रोमच्या बाजारात निघाला. आणि बदल्यात काय आले? सोन्यारुप्याची नाणी, काच, तांबे, आणि दारू. पेरिप्लसकार स्पष्ट लिहितो की भडोचला इटलीची दारू जास्त पसंत पडते. हा देवघेवीचा हिशेब रोमकरांना झोंबत होता. प्लिनी नावाच्या रोमन पंडिताने निसर्गाविषयी एक प्रचंड ग्रंथ लिहिला आहे. त्यात तो कुरकुरतो की हिंदुस्थान आमच्या साम्राज्यातून दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स हे त्यांचे नाणे. आकडा फुगवलेला असेलही. पण तक्रार खरी होती.

ती दारू ज्या माठांतून यायची त्यांना दोन उंच कान असत आणि तळ निमुळता असे. जहाजाच्या पोटात ते एकमेकांत रचून बसवता येत. आतून राळ लावलेली असे, म्हणजे दारू झिरपून जाऊ नये. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरात घडवलेल्या माठांच्या मातीत काळी लाव्हाची रेती चमकते. त्यावरून त्यांचे गाव ओळखता येते. गंमत पाहा, लाव्हाच्या मातीतले भांडे लाव्हाच्याच मुलखात येऊन फुटले! इ. स. ७९ साली याच व्हेसुव्हियसचा स्फोट झाला, पाँपेई शहर गाडले गेले, आणि आपला कुरकुरणारा प्लिनीही त्याच संकटात मरण पावला. त्या गाडलेल्या पाँपेईत १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती भारतीय घडणीची आहे, आणि तिच्याशी नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरलाही सापडली आहे. माल असा दोन्ही दिशांनी जात होता.

हा व्यापार सुखाचा मात्र नव्हता. हा सरहद्दीचा मुलूख होता. उत्तरेकडून क्षहरात क्षत्रप नहपान खाली सरकत होता आणि सातवाहन त्याला रेटीत होते. पेरिप्लसमध्ये लिहिले आहे की कल्याणच्या बंदरात एखादे ग्रीक जहाज चुकून आले तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे जकात कोणाच्या पेटीत पडायची, याचेच ते भांडण. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सव्वातेरा हजार नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला! सातबाऱ्यावर नाव बदलावे तसे ते नाव बदलले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे सारे कळते कशावरून? खापराच्या तुकड्यावरून नव्हे. खापराच्या जागेवरून.

हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. नेवाशाला परदेशी माठाचे खापर सातवाहन नाण्यांच्या आणि त्या काळच्या विटा-भांड्यांच्या सोबतीने, त्याच थरात मिळाले, म्हणून ते साक्ष देते. तेच खापर कोणी उचलून बाजारात आणले असते तर तो केवळ मातीचा तुकडा. अलीकडच्या अभ्यासकांनी पश्चिम भारतातल्या अशा खापरांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा आपण ज्यांना रोमन म्हणत होतो त्यांतली काही खापरे इराणी आखाताकडून आलेल्या, बिनकानाच्या, आतून डांबर लावलेल्या लांबोडक्या माठांची निघाली. ही दुरुस्ती करता आली, कारण खापरे थरावार जपून ठेवलेली होती. नोंद शाबूत असली की चूक सुधारता येते.

नोंद नसली की काय होते, याचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद नावाची जागा आहे. १९५८ साली श्री. बोपर्डीकरांनी ती उजेडात आणली, श्री. म. न. देशपांडे, डॉ. शि. रं. राव आणि डॉ. साळी यांनी वेगवेगळ्या वेळी तिथे उत्खनने केली. हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातले लोक दक्षिणेत इतक्या खालपर्यंत आले होते, हे तिथे कळले. १९७४ साली तिथल्याच एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार ओतीव मूर्ती सापडल्या. बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर! असे ओतकाम पाहून जगभरच्या जाणकारांनी तोंडात बोट घातले. त्यातला रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आणि गेंडा पाहा. आज महाराष्ट्रात गेंडा कुठे आहे? पण ज्याने ती मूर्ती घडवली त्याला गेंडा माहीत होता.

तरीही, श्रोतेहो, या मूर्ती नक्की केव्हाच्या, यावर विद्वानांत एकमत नाही. कोणी त्यांना हडप्पाकाळाच्या अखेरच्या मानतात, कोणी धातूच्या मिश्रणावरून त्या बऱ्याच अलीकडच्या ठरवतात. कारण एकच. त्या उत्खननात थरामधून मिळालेल्या नाहीत. त्यात त्या शेतकऱ्याचा दोष मुळीच नाही. तो आपले काम करीत होता, आणि मूर्ती वाचल्या हेच मोठे. परंतु साठ किलो धातूला जी साक्ष निर्विवादपणे देता येत नाही, ती नेवाशाचे तळहाताएवढे खापर देते. वस्तूची किंमत तिच्या वजनात नसते, ती तिच्या जागेत असते.

मला विद्यार्थी नेहमी विचारतात, "सर, पांढरीत सोने सापडते का?" मी सांगतो, सोने सापडेलही, पण त्याच्या मागे लागून तुम्ही जे उकराल ते सोन्यापेक्षा महाग आहे.

आता व्यवहाराचे बोलू. पांढरीची माती धाब्याच्या घरावर घालायला चांगली, शेतात घातली तर खतासारखी उपयोगी, म्हणून आपल्या वाडवडिलांनी ती थोडीथोडी नेली. टोपलीने आणि बैलगाडीने नेली तेव्हा टेकाडाचा कोपरा गेला. आज खोदाईयंत्र आणि ट्रॅक्टर आहेत. एका दिवसात दोन हजार वर्षांचे थर काळीत पसरून मोकळे होतात. नदीतली वाळू उपसताना काठचे जुने गोट्यांचे थर ढासळतात आणि अश्मयुगाचे पान जाते. हे कोणी दुष्टाव्याने करीत नाही. पण गेलेली नोंद पुन्हा लिहिता येत नाही. पीक बुडाले तर पुढच्या हंगामात येते. थर एकदा उलथला की उलथला.

शेतकऱ्याच्या मनात एक भीती असते, तीही बोलून टाकू. "साहेब, सांगितले तर सरकार जमीन घेईल." भीती अगदीच निराधार नाही, संरक्षित स्मारकाभोवती बांधकामाला बंधने येतात हे खरे आहे. पण शेतात खापरे निघाली एवढ्याने जमीन संरक्षित होत नाही. १९५८ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी आधी जाहीर सूचना काढावी लागते आणि हरकत घ्यायला दोन महिन्यांची मुदत असते. पुरलेले द्रव्य सापडले तर १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लपवले तर शिक्षा आहे. आणि सरकारने ते ठेवून घ्यायचे ठरवले, तर त्यातल्या द्रव्याच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम देण्याची त्यात तरतूद आहे. हे माहीत असावे. रात्री सोनाराच्या मुशीत गेलेल्या नाण्याचे जे पैसे येतात, ते सहसा याहून कमीच असतात.

मग करावे काय? तीन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, पांढरीची माती उचलू नका, आणि विहीर, पाया किंवा पाट खणताना राखेचे पट्टे, जुनी वीट, हाडे, नक्षीचे खापर दिसले तर तेवढी जागा थांबवून तलाठ्याला किंवा शाळेतल्या गुरुजींना दाखवा. दुसरी गोष्ट गुरुजींसाठी. मुले जे आणतील ते शाळेच्या कपाटात ठेवा, पण नुसते ठेवू नका. गावाचे नाव, शेताचे नाव, वरून किती हात खाली मिळाले आणि तारीख, एवढे चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत बांधा. चिठ्ठी नसलेली वस्तू म्हणजे बिनउताऱ्याची जमीन. मुलांना उकरायला मात्र पाठवू नका. पावसाने वर आलेले तेवढेच वेचावे. तिसरी गोष्ट, काही विशेष वाटले तर पुरातत्त्व खात्याला, डेक्कन कॉलेजला किंवा नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला एक पत्र टाका.

हे खेड्यातल्या माणसाला जमण्यासारखे आहे का, असे कोणी विचारील. तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. पावसाळ्यानंतर गावच्या पांढरीत जे उघडे पडे ते त्यांनी वर्षानुवर्षे जमवले. मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी, हस्तिदंताची कामे. आज तेरला त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे आणि देशोदेशीचे अभ्यासक तिथे येतात. ते पुरातत्त्वाचे प्राध्यापक नव्हते. आपल्या गावच्या मातीला किंमत आहे एवढे त्यांनी ओळखले होते.

श्रोतेहो, प्रवरा-मुळेच्या, घोड-सीनेच्या काठी असे एकही मोठे जुने गाव नसेल की ज्याच्या शेजारी पांढरीचे टेकाड नाही. त्यांतल्या बहुतेकांना अजून कोणी हात लावलेला नाही. म्हणजे त्यांचे उतारे अजून काढायचे आहेत. तुमच्या गावी हत्ती हिंडत होते का, तिथे रेशमाच्या दोऱ्याची माळ कोणी ओवली होती का, इटलीची दारू कोणी प्याले होते का, याचे उत्तर तिथे आहे. ते वाचणारा माणूस कदाचित आज तुमच्या शाळेत दुसरीत शिकत असेल. तो मोठा होईपर्यंत ते टेकाड जागेवर राहील, एवढे आपण पाहू या.